जिप्सीचा पुढचा डावा पाटा तुटला. नुसता पाटा बदलू की अख्खं पुढचं उघडू?

चिखलवेडा (सोमवार, रात्री १०:४०)

राम राम मंडळी,

गाडी: मारुती जिप्सी, एमजी ४१३ डब्ल्यू, एमपीएफआय, २००४ ची, सॉफ्ट टॉप. माझ्याकडे तीन वर्षं आहे, आधी दोन मालक होऊन गेले. टायर २३५/७५ आर १५.

काल केळदला गेलो होतो, मढे घाटाच्या डोक्यावर. वर चिखल, दगड, ओढा सगळं झालं, गाडीने हूं की चूं केलं नाही. येताना पाबे घाटाच्या अलीकडे समोरून एसटी आली म्हणून डावं चाक डांबराखाली उतरवलं. तिथे गवतात चर होता, दिसलाच नाही. कडाक्‌! आधी वाटलं टायर गेला. उतरून बघतो तर टायर ठणठणीत, पण गाडी डाव्या पायावर बसलेली, म्हातारं माणूस पायरीवर टेकतं तशी.

वाकून बघितलं. डावीकडच्या कमानीचा (पोलादी पाटे एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगचा) मेन पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या जागी तुटलाय. खालच्या पाट्यांनी आणि क्लिपांनी कसाबसा धरून ठेवलाय. तिथून वडगावपर्यंत तिसाच्या वर गेलो नाही. स्टिअरिंग सतत उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं, सोडलं की गाडी डावीकडे. मागे बायको आणि दोन बादल्या करवंदं. बायको शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही, यावरून काय ते समजा.

अजून एक जुनं दुखणं आहे, ते वेगळं की यातलंच ते सांगा. साठ-पासष्टच्या वेगाला पुलाच्या जोडावर किंवा खड्ड्यावर पुढचं चाक आपटलं की स्टिअरिंग थडाथडा हलायला लागतं, पार हातातून सुटेल असं. चाळिसाच्या खाली आणल्याशिवाय थांबत नाही. नवले पुलाच्या उतारावर एकदा झालं तेव्हा देव आठवले. यासाठी दोन गॅरेज झाली. पहिल्याने दोनदा बॅलन्सिंग केलं, दुसऱ्याने स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारी नळी) विकला. दोन महिने बरं वाटलं, मग येरे माझ्या मागल्या.

प्रश्न: १) फक्त मेन पाटा बदलून चालेल का? २) एकाने ‘वेल्डिंग मारून देतो, वर्षभर काही होत नाही’ म्हणून सांगितलंय. ३) पार्किंगमध्ये घरच्या घरी होईल का? फोटो खाली टाकतोय.

---

लेथवाला भोसरी (सोमवार, रात्री ११:१५)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, नाही, नाही.

पाटा म्हणजे साधं लोखंड नाही. स्प्रिंग स्टील तापवून, तेलात विझवून, परत ठरावीक तापमानाला नरम करून त्याला तो लवचिकपणा दिलेला असतो. वेल्डिंगने जोडाजवळचं हे ‘पाणी’, म्हणजे भट्टीत दिलेला कस, बिघडतं. जोड टिकेल एकवेळ, पण त्याच्या शेजारी बोटभर अंतरावर काचेसारखा तुटेल. आणि तो तुटेल तेव्हा तुम्ही तिसाच्या वेगात असाल याची खात्री नाही.

---

एक पाटा कमी (सोमवार, रात्री ११:३२)

करवंदं पोचली का शाबूत?

बाकी, मेन पाटा एकटा मिळतो. नाना पेठेत दोन-तीन दुकानं फिरलात की मिळेल. पण डावीकडे एक नवा पाटा आणि उजवीकडे वीस वर्षांची थकलेली कमान, असं केलं की गाडी तिरकी उभी राहते. कमान नेहमी जोडीने बदला. ते शक्य नसेल तर दोन्ही बाजूंना पाणी चढवून आणा, म्हणजे निदान दोघींची उंची सारखी येईल.

---

टेकडीवाली (मंगळवार, सकाळी ७:०५)

@चिखलवेडा, पाटा का तुटला ते आधी बघा. चर हे निमित्त झालं. सेंटर बोल्टच्या भोकापाशी पाटा तुटतो तेव्हा बहुतेक वेळा यू बोल्ट ढिले असतात.

कसं ते सांगते. जिप्सीत कमान ॲक्सलच्या खालून जाते. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं, त्याचं काम फक्त जागा दाखवायचं. ॲक्सल प्रत्यक्षात धरून ठेवतात ते यू बोल्ट. ते घट्ट असले की पाट्याचा मधला भाग वाकतच नाही, भोकापाशी ताण येत नाही. ढिले झाले की पाटा नेमका भोकापाशी, जिथे तो सगळ्यात कमजोर आहे तिथे, वाकायला लागतो. शिवाय दर ब्रेकला ॲक्सल मागे सरकायला बघतो आणि तो सगळा भार त्या बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो.

तुम्ही लिहिलंय की स्टिअरिंग उजवीकडे धरावं लागत होतं. म्हणजे डावं चाक मागे गेलंय. टेप घ्या, चाकं सरळ करा, पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. व्हीलबेस २३७५ मिमी आहे. आकडे इथे टाका.

स्टिअरिंगच्या थडथडीबद्दल नंतर लिहिते, आत्ता ऑफिस.

---

चिखलवेडा (मंगळवार, रात्री ९:२०)

मोजलं. टेपचं एक टोक लेकीने धरलं होतं, दोनदा मोजलं.

उजवीकडे २३७४. डावीकडे २३५६.

अठरा मिमी! यू बोल्टचे नट हाताने नाही, पण साध्या पान्याने सहज फिरले. चारपैकी दोन. ॲक्सलच्या बैठकीवर घासल्याचा चकचकीत पट्टा दिसतोय, म्हणजे हे आजकालचं नाही. @टेकडीवाली, तुम्ही गाडी न बघता सांगितलंत, नमस्कार.

करवंदं शाबूत आहेत, लोणचं घातलंय.

---

नानापेठेतला (मंगळवार, रात्री १०:०२)

मग आता यादी करा, नाहीतर दहा फेऱ्या होतील आणि दर फेरीला पार्किंगचे भांडण वेगळे.

दोन्ही पुढच्या कमानी पूर्ण. यू बोल्ट चारही नवे नटांसकट. जुने यू बोल्ट ताणले गेलेले असतात, परत वापरू नका, पैसे वाचवायची ती जागा नाही. शॅकल (कमानीचं एक टोक चासीला टांगणारी झुलती कडी) आणि कमानीच्या टोकाच्या डोळ्याचे सगळे रबरी बुश. शॅकलच्या पिना गंजल्या असतील तर त्याही. शॉकअप दाबून बघा, तेल गळत असेल तर जोडी. टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या आडव्या दांडीच्या टोकाचे सांधे) हलवून बघा.

कमानी घेताना एक बघा. ‘हेवी ड्युटी’ म्हणून एक पाटा जास्त घातलेली कमान दुकानदार पुढे करतो. साधारण टनभराच्या गाडीला ती लागत नाही. विंच, लोखंडी बंपर काही नसेल तर कंपनीच्या मापाचीच घ्या, नाहीतर सिंहगड रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला कंबर मोडून घ्याल. जिप्सी २०१९ पासून शोरूममध्ये नवी मिळत नाही, पण पार्ट अजून मिळतात. डबा आणि आतला माल एकाच मेकचा आहे ना, तेवढं उघडून बघा.

---

भोरचा पाहुणा (मंगळवार, रात्री १०:४०)

आर्मीच्या लिलावातल्या गाड्यांच्या कमानी घ्या, त्यांना तोड नाही. माझ्याकडे आठ वर्षं आहेत.

---

एक पाटा कमी (मंगळवार, रात्री १०:४४)

आर्मीची म्हणून विकलेली प्रत्येक कमान खरंच आर्मीची असती तर आपल्या सैन्याकडे जिप्सीपेक्षा कमानी जास्त झाल्या असत्या.

---

भोरचा पाहुणा (मंगळवार, रात्री १०:५१)

माझ्या आहेत. विषय संपला.

---

टेकडीवाली (बुधवार, रात्री ८:३०)

आता थडथडीबद्दल.

डॅम्परने रोग जात नाही, दबतो. दोन महिन्यांनी डॅम्पर थकला की परत वर. बॅलन्सिंगचा दोष असेल तर ठरावीक वेगाला बारीक थरथर येते आणि वेग बदलला की जाते. तुमचं तसं नाही. तुमचं खड्ड्याने सुरू होतं आणि वेग पार उतरवल्याशिवाय थांबत नाही. पुढची दोन्ही चाकं एकाच सलग ॲक्सलवर असलेल्या गाड्यांचं हे खास दुखणं. कुठेतरी ढिलाई आहे आणि चाकं ती वापरून एकमेकांना ढकलतायत.

घरी तपासायची पद्धत: गाडी जॅकवर घ्या, ॲक्सलखाली घोडी (लोखंडी टेकू) लावा. नुसत्या जॅकवर चाकाशी झोंबू नका. चाक घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून आत-बाहेर हलवा. खटखट लागली तर ती व्हील बेअरिंगची किंवा किंगपिनची (चाक ज्या उभ्या पिनांवर डावी-उजवीकडे वळतं त्यांची). कुठली ते ओळखायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर व्हील बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन. मग तीन आणि नऊवर धरून हलवा आणि टायरॉड एंडकडे बघा.

---

चिखलवेडा (गुरुवार, रात्री ९:४५)

ब्रेकवर बायकोला बसवलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच गाडीबद्दल बोलली: ‘दाबू का सोडू?’

उजवीकडे काही नाही. डावीकडे बारा-सहावर खटखट, ब्रेक दाबल्यावरही तश्शी. किंगपिन. शिवाय नकलच्या (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाच्या) मागच्या बाजूने काळं पातळ ग्रीस ओघळलंय.

---

लेथवाला भोसरी (गुरुवार, रात्री १०:१०)

ग्रीस पातळ होऊन येतंय म्हणजे ॲक्सलचं आतलं ऑइल सील गेलंय. डिफरन्शियलचं तेल नकलच्या गोळ्यात उतरतंय. नकल उघडणारच आहात तर तेही सील बदला. सांध्याचं जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन नवं भरा. गोळ्यावर बसणारी नमद्याची पट्टी आणि रबर सीलही नवं लावा, ते झिजलं की ओढ्याचं पाणी आत जातं. गोळ्याचा पृष्ठभाग बोटाने चाचपा, गंजाचे खड्डे असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर नवं सील महिन्याभरात कापलं जाईल.

किंगपिनच्या पिनांखाली पातळ शिम (धातूच्या चकत्या) असतात. वरच्या वर, खालच्या खाली, दोन वेगळ्या वाट्यांत ठेवा. घरात वाट्या कमी पडल्या तरी मिसळू नका.

---

नानापेठेतला (गुरुवार, रात्री १०:२५)

पार्किंगमधे नकल उघडणार? सोसायटीचे चेअरमन कोण आहेत?

---

चिखलवेडा (गुरुवार, रात्री १०:३१)

चेअरमनना जिप्सीतून सिंहगड दाखवला आहे. ते आपल्या बाजूचे आहेत.

---

चिखलवेडा (रविवार, रात्री ११:५०)

दोन दिवसांचं सविस्तर लिहितो. हात ग्रीसचे होते म्हणून फोटो कमी.

शनिवारी सकाळी सात वाजता सुरुवात केली. मदतीला मावसभाऊ, दोन घोड्या, भाड्याने आणलेला टॉर्क पाना. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. तरी डाव्या शॅकलची खालची पिन काही केल्या हलेना. हातोडा झाला, मोठा पाइप लावून झाला. शेवटी ती पिन शेजारच्या गॅरेजवाल्याकडून गॅसवर कापून घेतली. बुशचं रबर पेटलं आणि त्या वासाने अख्ख्या बिल्डिंगला कळलं की काम सुरू झालंय.

जुनी कमान बाहेर काढल्यावर समजलं की सेंटर बोल्टही तुटलेला होता. डोकं ॲक्सलच्या भोकात अडकलेलं आणि खालचा तुकडा वेगळा. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग गंजून काळा आणि अर्धा ताजा चकचकीत. म्हणजे अर्धा बोल्ट कधीच तुटला होता आणि मी त्या उरलेल्या अर्ध्यावर तीन वर्षं बायको-पोरांना हिंडवत होतो. तो तुकडा डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय.

किंगपिनचं खालचं बेअरिंग काढलं. बाहेरच्या कडीत रोलरचे ठसे उमटलेले, नखाला लागतील असे खड्डे. वरचं बरं होतं, तरी दोन्ही बाजूंची चारही बदलली. शिम वाट्यांत ठेवल्या (लेकीच्या भातुकलीच्या). बसवल्यावर घट्टपणा बघायला ताणकाटा वापरला: रबर सील न लावता टायरॉडच्या भोकात हूक अडकवून ओढायचं, किती जोराला नकल हलायला लागते ते बघायचं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचं. एक शिम काढल्यावर जुळलं.

कमानी बसवताना @टेकडीवालींनी फोनवर सांगितलेली गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण मी नेमकी चूक करणार होतो: शॅकल आणि डोळ्याचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन येऊ देऊन, दोन-चारदा पुढचं दाबून मग आवळायचे. हवेत आवळले की रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि खाली उतरवल्यावर कायम पिळलेलं राहतं, सहा महिन्यांत फाटतं. यू बोल्ट आडवेतिडवे, थोडे थोडे करत आवळले.

व्हीलबेस आता उजवीकडे २३७५, डावीकडे २३७४. रविवारी संध्याकाळी टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली हवीत ते माप) करून आणलं.

आणि आता वाईट बातमी. रात्री साडेनऊला हायवेला काढली. गाडी सरळ जाते, ब्रेक सरळ लागतो, खटखट शून्य. पण पासष्टला पुलाच्या जोडावर थडथड परत आली! आधीपेक्षा निम्मी, पण आली. डोकं चालेनासं झालंय.

---

भोरचा पाहुणा (सोमवार, सकाळी ६:५०)

म्हणून म्हटलं होतं आर्मीच्या घ्या.

---

टेकडीवाली (सोमवार, सकाळी ८:१५)

निम्मी झाली म्हणजे ढिलाई होती ती गेली. उरलेलं भूमितीचं आहे. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर (किंगपिन मागे किती झुकलाय तो कोन) किती आलाय?

---

चिखलवेडा (सोमवार, सकाळी ८:४०)

तो रकाना रिकामा आहे. विचारलं होतं. ‘या गाडीत तो ॲडजस्ट होत नाही, म्हणून काढत नाही’ म्हणाले.

---

मी फक्त वाचतो (सोमवार, दुपारी १:२०)

सहा वर्षं सभासद आहे, पहिलाच प्रतिसाद. चुकलं तर सांभाळून घ्या.

पहिल्या दिवशीच्या फोटोतला शॅकल मला लांब वाटतोय. माझ्या जिप्सीचा (१९९८ ची किंग) असा दिसत नाही. आधीच्या मालकाने गाडी उचलायला लांब शॅकल घातले होते का? तुमच्या सामानाच्या यादीत शॅकलच्या पट्ट्या नव्हत्या, नुसते बुश आणि पिना होत्या.

---

टेकडीवाली (सोमवार, दुपारी १:४५)

@मी फक्त वाचतो, तुम्ही सहा वर्षं गप्प का होतात हो!

बरोबर आहे, आणि मी तो फोटो चारदा बघूनही माझ्या लक्षात आलं नाही. जिप्सीत पुढच्या कमानीचा शॅकल पुढच्या टोकाला असतो आणि मागचं टोक चासीला पक्कं. पुढचा शॅकल लांब केला की कमानीचं नाक खाली जातं, तिच्यासोबत ॲक्सल पुढे कलंडतो आणि किंगपिनचं वरचं टोक पुढे येतं. म्हणजे कॅस्टर कमी. सायकलचं हँडल सोडलं तरी ती सरळ जाते त्यात पुढच्या काट्याच्या तिरकेपणाचाही हात असतो, तोच तिरकेपणा इथे कमी झालाय. चाकाला आपणहून सरळ यायची ओढच उरली नाही.

हिशेब: शॅकल एक इंच लांब असेल आणि कमान डोळ्यापासून डोळ्यापर्यंत सुमारे ९० सेंमी धरली तर दीड अंशाच्या वर कॅस्टर जातो. मुळात चार-पाच अंशही नसतात, त्यातून दीड जाणं म्हणजे बरंच झालं. आणि उंची किती वाढते? ॲक्सलपाशी जेमतेम अर्धा इंच!

---

लेथवाला भोसरी (सोमवार, दुपारी २:३०)

दोन उपाय. ॲक्सलची बैठक आणि कमान यांच्या मध्ये पाचर घालून ॲक्सल परत मागे झुकवायचा. किंवा कंपनीच्या मापाचे शॅकल लावायचे. मी पाचरी बनवतो, म्हणजे माझा धंदा आहे, तरी सांगतो, शॅकल बदला. पाचर घातली की सेंटर बोल्ट लांब लागतो, यू बोल्ट लांब लागतात, आणि ॲल्युमिनियमची पाचर असेल तर ती पिचते नि यू बोल्ट परत ढिले. तुमची कथा मग पहिल्यापासून.

---

नानापेठेतला (सोमवार, दुपारी ३:१०)

शिवाय २००४ ची गाडी, नोंदणी नूतनीकरणाला आरटीओत न्यावी लागते. मूळ रचनेत फेरफार म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ समोर येतं. मूळ मापात असलेली बरी.

शॅकल आहेत दुकानात. जोडीने या.

---

चिखलवेडा (बुधवार, रात्री १०:१५)

काढलेला शॅकल नव्याशेजारी फरशीवर ठेवला. बरोबर इंचभर लांब, आणि ग्राइंडरने कापलेल्या कडा रंगाखाली अजून दिसतात. कोणीतरी घरी बनवलेला. दुसऱ्या मालकाला फोन केला, तो म्हणाला, ‘मी घेतली तेव्हापासून असंच होतं, मला वाटलं जिप्सी अशीच चालते.’

बदलायला दीड तास लागला. बोल्ट या वेळी नवे होते, प्रेमाने सुटले. टो-इन परत बघून घेतलं.

काल रात्री आणि आज पहाटे, दोनदा, नवले पुलाच्या त्याच उतारावर, त्याच जोडावर गेलो. साठ, पासष्ट, सत्तर. धप्प आवाज आला, स्टिअरिंगने एक झटका दिला आणि गप्प. डॅम्पर काढून ठेवून तिसऱ्यांदा गेलो. तरी गप्प. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आता आपणहून सरळ येतं, जे या गाडीत मी कधी पाहिलंच नव्हतं. थोडं जड झालंय, ते चालेल. डॅम्पर परत लावलाय, आता तो आहे तर असू दे.

---

टेकडीवाली (बुधवार, रात्री १०:३०)

छान! शंभरेक किलोमीटर झाले की यू बोल्ट परत आवळा, आणि पुढे पाचशेला एकदा. पाटे बसतात, रंग दबतो, नट ढिले पडतात. विसरू नका, सगळं तिथूनच सुरू झालं होतं.

---

एक पाटा कमी (बुधवार, रात्री १०:४१)

जुने पाटे भंगारात घातले नाहीत ना? स्प्रिंगचं पोलाद आहे, लोहाराला द्या. पाट्याच्या कोयत्याला तोड नाही.

---

चिखलवेडा (गुरुवार, सकाळी ७:३०)

तुटलेला मेन पाटा वेल्ह्याकडे जाताना लागणाऱ्या एका लोहाराला द्यायचा ठरवलाय. त्याने दोन कोयते होतील म्हणून सांगितलंय, एक त्याचा, एक माझा. यू बोल्ट आवळायला शंभर किलोमीटर करायचेच आहेत, तर रविवारी तिकडूनच जाऊन येतो. बायको येते म्हणालीय, पण बादल्या घेणार नाही म्हणाली.